योगायोग पुंजक्यांनी का येतात?

तिसरा फासा:

१९४४ च्या उन्हाळ्यात लंडनवर जर्मनीचे व्ही-१ जातीचे उडते बॉम्ब पडू लागले. काही भागांत पाठोपाठ तीन-तीन, चार-चार पडले आणि लागूनचे भाग कोरडे राहिले. लोकांनी साहजिकच अर्थ लावला, की शत्रू नेम धरून मारतोय. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, आर. डी. क्लार्क नावाच्या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा तुकडा घेतला, त्याचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि प्रत्येकात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण बॉम्ब ५३७. एकही न पडलेले चौकोन २२९, एक पडलेले २११, दोन पडलेले ९३, तीनवाले ३५, चारवाले ७, आणि त्याहून जास्त पडलेला १.

आता उलटीकडून हिशेब करा. बॉम्ब कुठे पडणार याला काही धरबंधच नाही असं मानून प्वासाँचं सूत्र (क्वचित आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना किती वेळा घडतील ते सांगणारं) लावलं, तर अपेक्षित आकडे येतात साधारण २२७, २११, ९९, ३१, ७ आणि एक-दोन. नेमाबिमाचा पत्ता नाही. उलट प्रत्येक चौकोनात शिस्तीत एकेक बॉम्ब पडला असता, तर मात्र कुणीतरी ठरवून वाटप करतंय अशी शंका घ्यायला जागा होती.

मला या विषयाचं वेड लागलं ते इथून. आपल्या मनातलं यादृच्छिकतेचं, म्हणजे निव्वळ योगायोगाने घडण्याचं, चित्र नीट पसरलेलं, समसमान असतं. खरी यादृच्छिकता ढेकळाढेकळांची असते. मोठी रिकामी जागा, मग एकदम गर्दी. आणि गर्दी दिसली की आपण कारण शोधायला धावतो.

याच सूत्राचं दुसरं प्रसिद्ध उदाहरण जरा विचित्र आहे. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच याने १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांची आकडेवारी छापली. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी. मृत्यू १२२. ज्या नोंदीत एकही मृत्यू नाही अशा १०९. सूत्र सांगतं १०८.७. एक मृत्यू असलेल्या ६५, सूत्र ६६.३. कोणता घोडा कुणाला कधी लाथ मारणार हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं, पण सगळ्या लाथा मिळून कायद्याने वागल्यासारख्या वागल्या.

दुसरा मुद्दा संधींच्या मोजणीचा. २३ जण एका खोलीत असले, तर त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. ऐकणारा चकित होतो, कारण तो मनात ‘माझ्या तारखेचा दुसरा कुणी’ असा हिशेब धरतो. प्रत्यक्षात जोड्या २५३ आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की आपण कावळ्याकडे बघतो. किती कावळे किती फांद्यांवर बसले आणि काहीच मोडलं नाही, त्याची नोंद कोण ठेवतो?

आता तत्त्वज्ञानाकडे. नाणं उडवणं आपण शुद्ध योगायोगाचं उदाहरण म्हणून देतो, पण नाणं न्यूटनचे नियम पाळतं. त्याचा सुरुवातीचा वेग आणि गिरकी माहीत असेल तर निकाल काढता येतो. पर्सी डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गणिताने दाखवलं, की हातात वर असलेली बाजूच पुन्हा वर येण्याकडे नाण्याचा थोडा कल असतो. २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने खरोखर ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून हे तपासलं आणि तीच बाजू ५०.८ टक्के वेळा आली. म्हणजे नाण्याची अनिश्चितता आपल्या अज्ञानातली. रेडियमचं अणुकेंद्र वेगळं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) १६०० वर्षं, पण एखादा अणू आत्ता फुटेल की दहा हजार वर्षांनी, याला आतलं काही कारण आजवर सापडलेलं नाही. तो अणू म्हाताराही होत नाही. हजार वर्षं टिकलेल्याची पुढच्या वर्षी फुटण्याची शक्यता कालच जन्मलेल्याइतकीच.

माझं म्हणणं असं, की जगताना या दोन प्रकारांत काही फरक पडत नाही. आपण चुकतो ते अज्ञानामुळे कमी आणि संधी न मोजल्यामुळे जास्त. तुम्हाला काय वाटतं?

उलटतपासणी:

लेख आवडला, शेवटचा परिच्छेद नाही. फरक पडतो, आणि भरपूर पडतो.

फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ मध्ये एका सर्वज्ञ बुद्धीची कल्पना मांडली. तिला एका क्षणी सगळ्या कणांची स्थिती आणि सगळी बलं ठाऊक असतील, तर भूत-भविष्य दोन्ही तिच्यासमोर उघडे. या चित्रात संभाव्यता म्हणजे निव्वळ आपली तोकडी नजर. १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बॉर्नने तरंगफलाचा (क्वांटम सिद्धांतात कणाची अवस्था सांगणाऱ्या सूत्राचा) अर्थ संभाव्यता म्हणून लावला तेव्हा आइन्स्टाइनला ते रुचलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितली जाणारी गोष्ट पुढची. हा वाद चहाच्या कपातलं वादळ म्हणून राहिला असता, पण १९६४ मध्ये जॉन बेलने तो मोजता येईल असा केला. कणांची उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि दूरच्या मोजमापाचा इथे परिणाम होत नसेल, तर दोन ठिकाणच्या निकालांच्या मेळाचा एक ठरावीक आकडा २ च्या वर जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो तो २.८३ पर्यंत जाईल. प्रयोगांत तो २ च्या वर गेला. क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

म्हणजे ‘कारण आहे, फक्त आपल्याला ठाऊक नाही’ हे म्हणणं आता फुकट राहिलेलं नाही.

पाचवा कोपरा:

@उलटतपासणी, फुकट नाही हे बरोबर, पण बंदही झालेलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ बोमचा १९५२ चा सिद्धांत पूर्ण नियतिवादी आहे, म्हणजे त्यात सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि क्वांटमचीच भाकितं देतो. किंमत एवढीच, की दूरचं इथे तत्काळ जाणवतं हे मान्य करावं लागतं. बेलने दोन गोष्टींपैकी किमान एक सोडायला लावली, कोणती ते नाही सांगितलं. बेलला स्वतःला बोमच्या मांडणीबद्दल चांगलीच आस्था होती.

उलटतपासणी:

बोमबाबत सहमत. तरी माझा मुद्दा उभा आहे: हा फरक प्रयोगाला विचारता येतो, आवडीनिवडीचा राहत नाही.

निळी शाई:

जागा धरून ठेवली होती, आता लिहिते. भौतिकशास्त्रवाल्यांनी धागा पळवायच्या आत जीवशास्त्र.

जिवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू सोडला की बहुतेक मरतात, थोडे तगतात. १९४० च्या सुमाराचा प्रश्न असा, की ही प्रतिकारशक्ती विषाणूशी गाठ पडल्यावर येते, की काही जिवाणूंत ती आधीच, कारण नसताना आलेली असते? जीवशास्त्रज्ञ साल्व्हादोर लुरिया यावर डोकं खाजवत होता. विद्यापीठातल्या नाचाच्या कार्यक्रमात एक सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकत होता. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम मोठा जॅकपॉट. लुरियाला तिथे प्रयोग सुचला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

प्रयोग असा. वेगवेगळ्या नळ्यांत थोड्या जिवाणूंपासून सुरुवात करून ते वाढू द्यायचे आणि शेवटी प्रत्येक नळीतले विषाणू असलेल्या थाळीवर ओतायचे. प्रतिकारशक्ती गाठ पडल्यावर येत असेल तर सगळ्या नळ्यांत जवळपास सारखेच वाचलेले दिसतील. ती आधीच योगायोगाने येत असेल तर गंमत होईल. एखाद्या नळीत तो बदल फार लवकर घडला तर त्या जिवाणूचा अख्खा वंश प्रतिकारक, आणि थाळी भरून वसाहती. उशिरा घडला तर दोन-चार. नाहीच घडला तर शून्य.

एका प्रयोगातल्या २० नळ्यांचे आकडे: ११ नळ्यांत शून्य. बाकीच्यांत १, १, ३, ५, ५, ६, ३५, ६४ आणि १०७. सरासरी ११ च्या आसपास, आणि ती एकाही नळीचं वर्णन करत नाही! लुरिया आणि डेलब्रुक यांनी गणितासह १९४३ मध्ये हे छापलं, १९६९ मध्ये हर्शीबरोबर नोबेल.

मला यातलं विशेष हे वाटतं, की त्यांनी योगायोगाला पुरावा बनवलं. एरवी आकड्यांतला विखुरलेपणा आपण चूक समजून सरासरीत बुडवतो. इथे विखुरलेपणा हेच उत्तर होतं.

आणि एक खुलासा, कारण यावर दर वेळी वाद होतो. उत्परिवर्तन यादृच्छिक असतं म्हणजे सगळे बदल सारख्याच वेळा होतात असं नाही. काही जागा जास्त बदलतात, किरणोत्साराने वेग वाढतो. यादृच्छिक एवढ्याच अर्थाने, की जिवाला कशाची गरज आहे याची त्या बदलाला पर्वा नसते. पुढची नैसर्गिक निवड (जे तगतात त्यांचाच वंश वाढतो) मात्र योगायोग नाही. ‘डोळा योगायोगाने तयार झाला का’ असं विचारणारे ही दुसरी पायरी गाळतात.

बिनतारी:

+१, धागा वाचनखूण म्हणून साठवला.

एक बाळबोध प्रश्न. माँटे कार्लोला १९१३ साली रुलेटवर सलग २६ वेळा काळा आला होता म्हणतात. लोकांनी लालवर पैसे लावून हात पोळून घेतले. चेंडूला स्मृती नसते हे कळतं. पण मोठ्या संख्यांचा नियमही आहेच ना, की शेवटी प्रमाण निम्म्याकडे जातं? मग कधीतरी लालने भरपाई करायलाच हवी. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?

तिसरा फासा:

@बिनतारी, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. जेकब बर्नुलीला या नियमाची सिद्धता बसवायला वर्षानुवर्षं लागली आणि ती छापली गेली १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

भरपाई होतच नाही. जुना फरक पुढच्या गर्दीत विरघळतो, इतकंच. जॉन केरिक हा गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होता. हातात वेळच वेळ, म्हणून त्याने नाणं दहा हजार वेळा उडवून नोंदी ठेवल्या. १,००० फेकींनंतर छापे ५०२, म्हणजे निम्म्यापेक्षा २ जास्त. ५,००० नंतर २,५३३, म्हणजे ३३ जास्त. १०,००० नंतर ५,०६७, म्हणजे ६७ जास्त. फरक चक्क वाढत गेला आहे! पण दहा हजारांत ६७ म्हणजे किती, तर प्रमाण ५०.६७ टक्के. नियम प्रमाणाबद्दल बोलतो, फरकाबद्दल नाही. जुगारी नेमका फरक मिटण्याची वाट बघत बसतो.

पाचवा कोपरा:

तत्त्वज्ञान विभागाकडून थोडं.

ॲरिस्टॉटलचं उदाहरण आहे. माणूस वेगळ्याच कामासाठी बाजारात जातो आणि तिथे त्याचा कर्जदार भेटतो, पैसे वसूल होतात. दोघांच्याही तिथे येण्याला स्वतंत्र कारणं आहेत, पण भेटीला कारण नाही. मला ही मांडणी लाप्लासपेक्षा शहाणी वाटते. सगळं कारणांनी बांधलेलं असलं तरी योगायोग शिल्लक उरतो, कारण तो घटनांत नसतो, दोन साखळ्यांच्या छेदात असतो.

आपल्याकडे श्वेताश्वतर उपनिषद सुरुवातीलाच जगाच्या कारणांची यादी देतं: काल, स्वभाव, नियती, यदृच्छा वगैरे. यदृच्छा उमेदवार म्हणून आहे हेच विशेष, मग भले पुढे ती बाद होवो. आणि महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजतो, आकडा जुळतो. राजा सांगतो, मी अक्षहृदय जाणतो, म्हणून गणनेत निपुण आहे. म्हणजे फाशांचं ज्ञान आणि न मोजता अंदाज बांधण्याचं ज्ञान एकाच माणसाकडे दिलंय, आणि तो काही दैवी चमत्कार म्हणून नाही, शिकता-शिकवता येणारी विद्या म्हणून. नल ती शिकतो आणि हरलेलं राज्य जिंकतो. ज्याने ही कथा रचली त्याला जुगार हे नुसतं नशीब नाही हे चांगलं ठाऊक होतं.

आता धागाकर्त्याने टाळलेला प्रश्न. दोन चालक सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीसमोर कुणी आलं नाही, दुसऱ्याच्या समोर मूल आलं. एकाला दंड, दुसऱ्याला तुरुंग आणि जन्मभराचा सल. फरक फक्त योगायोगाचा. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि तो अजून सुटलेला नाही. ‘नियंत्रणाबाहेरच्या गोष्टीबद्दल दोष देऊ नये’ हे सगळ्यांना पटतं. पण ते प्रामाणिकपणे लावत गेलं तर स्वभाव, संगोपन, जन्म सगळंच नियंत्रणाबाहेर जातं आणि दोष द्यायला कुणी उरत नाही.

उलटतपासणी:

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर संभाव्यतेनेच केलेला अन्यायही सांगतो. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये एका आईला दोन तान्ह्या बाळांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितलं, की अशा घरात एका बाळाचा अचानक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ त एक, म्हणून दोघांची ७.३ कोटींत एक. त्याने आकड्याचा वर्ग केला. म्हणजे दुसरा मृत्यू पहिल्याशी असंबद्ध मानला, जेव्हा घर एक, आईबाप एक, जनुकं सामायिक!

त्याहून मोठा घोटाळा पुढे आहे. ७.३ कोटींत एक हा आकडा निर्दोष असण्याची शक्यता म्हणून लोकांच्या डोक्यात बसला. दोन बाळांचा नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ, पण आईने दोन बाळांचा खून करणंही दुर्मीळच. दोन दुर्मिळांची एकमेकांशी तुलना करायची असते. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, मुख्यतः दडून राहिलेल्या वैद्यकीय अहवालामुळे.

वैद्यकीय तपासणीतही हेच. हजारात एकाला असलेला आजार, आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक. लाखभर लोक तपासा. आजारी १००, त्यांतले ९९ सापडतील. निरोगी ९९,९००, त्यांतले ९९९ उगाच सापडतील. पॉझिटिव्ह आलेल्या १,०९८ पैकी खरे आजारी ९९, म्हणजे नऊ टक्के. थॉमस बेझचा लेख १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीचशे वर्षं उलटून गेली तरी अजून हे अंगवळणी पडलेलं नाही.

निळी शाई:

हा परिच्छेद छापून भिंतीवर लावावा. पण @तिसरा फासा, तुमच्या मूळ लेखातली एक खोड काढायची राहिली आहे. ‘माणसाला नसलेले नमुने दिसतात’ हे तुम्ही जरा जास्तच निर्धास्तपणे म्हणताय. बास्केटबॉलमधलं ‘हात गरम असणं’ आठवा. सलग बास्केट पडल्या की पुढचीही पडणार, हा खेळाडूंचा समज. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी तो भ्रम ठरवला आणि पुढे तीसेक वर्षं तो भ्रमाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण होता. मग मिलर आणि सान्हुर्हो यांनी (२०१८) त्यांच्या मोजणीतच गळती दाखवली.

कागदावर करून बघा. नाणं तीनदा उडवा. आठ शक्य क्रम. प्रत्येक क्रमात ‘छाप्यानंतर लगेच छापा’ याचं प्रमाण काढा. छा-छा-छा मध्ये १. छा-छा-का मध्ये अर्धा. छा-का-छा आणि छा-का-का मध्ये ०. का-छा-छा मध्ये १. का-छा-का मध्ये ०. उरलेल्या दोन क्रमांत छाप्यानंतर फेकच नाही, ते बाद. सहांची सरासरी: अडीच भागिले सहा, म्हणजे सुमारे ४२ टक्के. पन्नास नाही! नाणं अगदी निर्दोष आहे, लबाडी सरासरी काढण्याच्या पद्धतीत आहे. त्यामुळे खेळाडूने बास्केटनंतर लगेच बास्केट ५० टक्के वेळा टाकून दाखवली, तर तो प्रत्यक्षात नाण्यापेक्षा वर होता. हिशेब दुरुस्त केल्यावर जुन्याच आकडेवारीत गरम हात दिसू लागला.

तिसरा फासा:

हे गणित पहिल्यांदा वाचलं की राग येतो. :) पण लंडनचे बॉम्ब त्यामुळे नेम धरून पडलेले ठरत नाहीत. प्रत्येक वेळी मोजून बघावं लागतं, एवढंच मी यातून घेईन. ‘हा नुसता योगायोग’ हाही दावाच आहे, त्यालाही पुरावा लागतो.

बिनतारी:

सगळं ठीक, पण ही उदाहरणं हजारो फेकींची. माझ्या आयुष्यातला एखादा निर्णय एकदाच होतो. उद्या पावसाची शक्यता ७० टक्के म्हणजे नक्की काय? उद्या एकच आहे. पाऊस पडेल किंवा नाही.

पाचवा कोपरा:

इथेच दोन पंथ फुटतात. फोन मिझेससारखे लोक म्हणतात, संभाव्यता दीर्घ मालिकेचीच असते, एकट्या घटनेबद्दल बोलणं निरर्थक. दे फिनेत्ती म्हणतो, संभाव्यता वस्तूत नसतेच, ती तुमच्या विश्वासाची मात्रा आहे: किती भावाने पैज घ्याल? कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये स्वयंसिद्धं मांडून गणित पक्कं केलं आणि अर्थाचा वाद दोघांना भांडायला सोडून दिला. गंमत म्हणजे दोघेही तीच सूत्रं वापरतात.

बिनतारी:

म्हणजे ९० टक्के सांगून पाऊस पडला नाही, तरी हवामानवाला ‘चुकलो’ म्हणणार नाही. बरं आहे की!

उलटतपासणी:

सुटका नाही त्याची. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये यासाठी मापच काढलं. सांगितलेली शक्यता आणि घडलेलं (पडला तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या दिवसांची सरासरी काढायची. जितकी कमी तितका अंदाज चांगला. ९० टक्के सांगून कोरडं गेलं तर त्या दिवसाचा दंड ०.८१. साठ टक्के सांगितलं असतं तर ०.३६. एका दिवसावरून काही ठरत नाही, पण वर्षभराची वही काढली की बढाईखोर लगेच उघडा पडतो. आणि जो रोज गुळमुळीत पन्नास टक्के सांगतो, त्याला रोज ०.२५ भरावेच लागतात, पाऊस पडो न पडो.